दूर्वा म्हणजे गवत नव्हे

६ सप्टेंबर, दार्सैत
गावी गणपती करून इकडे आखातात परतलो आणि किशोरीला ताप. प्रवासाचा शीण, दुसरं काय. संकल्प: ती बरी होईतो सकाळचा चहा मी करणार.

७ सप्टेंबर
चहा उतू गेला. शेगडी तिने पुसली. डोकं फुटतंय म्हणाली. कमरेवरची काळी खपली दाखवली. दुखत नाही, खाजत नाही. मी म्हटलं, परकराची नाडी घट्ट बांधतेस. नाडीपरीक्षा समाप्त.

९ सप्टेंबर
क्लिनिक. मलेरिया नाही, डेंगी नाही. व्हायरल म्हणाले, पॅनाडोल दिली. माझंही निदान तेच होतं.

१० सप्टेंबर
ताप हटेना, म्हणून मोठं हॉस्पिटल. डॉ. मेहनाजनी विचारलं, इंडिया में जंगल, घास, कहीं गये थे? मी म्हटलं, नो नो, ओन्ली पूजा अ‍ॅट होम. किशोरी काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, शू, तू विश्रांती घे.
हे खोटं नव्हे. बाजारची जुडी शिळी, दूर्वा ताज्या आणि त्रिदलच हव्यात, असा आग्रह मी धरला खरा. ती परसामागच्या रानात तासभर उकिडवी बसली, हेही खरं. (मी ओटीवर मंत्रांचे उच्चार तपासत होतो.) पण दूर्वा म्हणजे गवत नव्हे. तृण वेगळं, दूर्वा वेगळ्या.

११ सप्टेंबर
ताप १०४. धाप लागते. अ‍ॅडमिट केलं. डॉक्टरांना दूर्वांचं सांगायचंच, असं ठरवून केबिनमध्ये गेलो. पार्किंगबद्दल विचारून आलो. उद्या नक्की.

१२ सप्टेंबर
खालच्या मजल्यावरचे हुसेनभाई पेज घेऊन हॉस्पिटलात आले. म्हणाले, अर्बाब (इकडे मालकाला म्हणतात, ते मला म्हणतात), आजारी वहिनी आहेत, तोंड तुमचं का उतरलंय? मी म्हटलं, उकाडा. वॉर्डात एसी होता.
संध्याकाळी कृष्णमंदिरात जाऊन देवाला सगळं सांगितलं. आता तो डॉक्टरांना सांगेल, इन्शाल्ला.

१३ सप्टेंबर
डॉ. मेहनाजना खपली सापडली. स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याची अळी चावते, तिथे अशी खपली धरते. म्हणाल्या, तापात सगळ्यांना मलेरिया-डेंगी आठवतो, हा सुचतच नाही. इथे तर क्वचितच दिसतो, म्हणूनच घास विचारलं होतं. हो म्हणाला असतात तर औषध त्याच दिवशी सुरू केलं असतं. मी तृण आणि दूर्वा यांतला भेद सांगू लागलो. त्या राउंडला निघून गेल्या.
पुण्याहून लेकीचा, वल्लरीचा फोन. बाबा, दूर्वा इज लिटरली ग्रास. संस्कृत हिला घ्यायला लावायला हवं होतं.

१५ सप्टेंबर
डॉक्सीच्या गोळ्यांनी ताप उतरला. किशोरीला आज स्वच्छ सांगायचं ठरवलं. 'अनवधान' हा शब्द योजून ठेवला होता. तो येण्याआधीच म्हणाली, मला ताप होता, मी बहिरी नव्हते. मग तेव्हाच का नाही बोललीस, असं मी जरा वरच्या पट्टीत विचारलं. म्हणाली, बोलतच होते. तुम्ही शू केलंत.

१७ सप्टेंबर
डिस्चार्ज. संकल्प: पुढल्या वर्षी दूर्वा मी काढणार. ती म्हणाली, काढा, पण फुलपँट आणि बूट घालून. मग चहा मागितला. उतू गेला. शेगडी मी पुसली. ती म्हणाली, कडेला राहिलंय.