सांभाराच्या वाफ्यातलं लॅव्हेंडर

१८ नोव्हेंबर

माझा सांभाराचा वाफा उपटला! विहिरीजवळचा, घरच्या वड्यांपुरती कोथिंबीर लावलेला. विचारलं नाही, सांगितलं नाही. प्राजक्ता दिवाळीला सासरहून, अकोल्याहून आली ती अजून इथंच आहे, आणि आता त्या वाफ्यात लॅव्हेंडरची रोपं लावलीत. जांभळी फुलं येतात म्हणे — खायची. फुलं खायला आपण काय शेळ्या आहोत?

रुख्मिणीला म्हटलं, तुझ्या लेकीला समजाव. तर उलट मलाच — "लावू द्या ना जी. तिचं मन लागून राह्यलं." माहेरी मन लागायची गरजच काय? सण आटोपला की आपल्या घरी जावं!

२ डिसेंबर

अर्धी रोपं काळी पडून मेली. दोष कोणाचा? माझा! सांभाराला द्यायचो तसं रोज सकाळी त्यांनाही पाणी दिलं. कोरडी पाहवत नव्हती. तर म्हणे आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं सडतात, या झाडाला तहानलेलंच ठेवायचं असतं. "बाबा, तुमी त्याईले हात नका लावू." ऐकून घेतलं. आपल्या वलगावच्या मातीला नावं ठेवणारी माझ्याच घरात निघावी!

५ डिसेंबर

मुरूम आणून तिनं उंच वाफा केला, उरलेली रोपं त्यावर चढवली. मी बघायला गेलो नाही. गेलो, पण लांबून.

१५ जानेवारी

संक्रांतही गेली. अकोल्याहून कोणी न्यायला आलं नाही. सासरचं माणूस येतं, लेकीला मानानं घेऊन जातं, ही रीत आहे. बापानं नेऊन पोचवली तर उद्या तिथं तिला काय किंमत राहील? जावयाला फोन केला. किशोर म्हणतो, "तिले यायचं असन तं येईन." ही काय बोलायची पद्धत झाली? शिकलेला माणूस!

मग प्राजक्तालाच खडसावून विचारलं. तिनं पाहुण्यांसमोर खिरीत हीच फुलं घातली होती, त्यानं वाटी फेकली. एवढंच. एका खिरीवरून कोणी घर सोडतं का? दोघंही सारखेच हट्टी.

११ फेब्रुवारी

फुलं आली. सावलीत वाळवली. रुख्मिणीनं हौसेनं खीर केली आणि भाजीत सांभार टाकतात तशी मूठभर फुलं टाकली! तोंडात साबण! चांगलं दूध नासवलं. मी चिडलो आणि मायलेकी हसताहेत. प्राजक्ता किती दिवसांनी हसली.

१४ फेब्रुवारी

आज तिनं चिमूटभरच घेतली, साखरेसोबत वाटली आणि नानखटाईत घातली. गोड, मागून किंचित कडू. चांगली लागली. तिला सांगितलं नाही. चौथी उचलली तेव्हा तिनंच डबा पुढं सरकवला.

२० फेब्रुवारी

ती म्हणते, यंदा फुलं थोडीच, पुढच्या वर्षी झुडपं भरतील. पुढच्या वर्षी!! पुढच्या वर्षी ही इथं? लोक आताच विचारतात, पोरगी अजून गेली नाही का. किशोरला फोन करून झापलं. म्हटलं, पुढच्या रविवारी या आणि घेऊन जा, बाकी मी समजावतो. प्राजक्ताला कळल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. नको बोलू. बाप आहे, वाईट चिंतणार आहे का?

१ मार्च

किशोर आला. प्राजक्तानं नानखटाईची बशी समोर धरली. त्यानं घ्यायला हात उचलला — आणि तिनं डोळे मिटून, फटका चुकवावा तशी मान बाजूला केली. नुसता हात उचलला होता त्यानं!

रुख्मिणीनंही पाहिलं. किशोर नानखटाई खात होता. मी म्हटलं, "जावईबुवा, चहा घ्या अन् निघा. प्राजक्ता येत नाही." तो काहीबाही बोलत राहिला. मी फाटक उघडून उभा राहिलो.