राणीला उचलताना

१२ जाने. २०१४, रवि., ड्रेस्डेन
युनि. सोडून ऑपेरात मुका सैनिक झालो, हे आईला अजून सांगितलेलं नाही. काम एवढंच : शेवटच्या अंकात मेलेली राणी दोन्ही हातांवर उचलून न्यायची. राणी म्हणजे हार्टविगबाई, कित्येक वर्षं इथली पहिली सोप्रानो, वरच्या पट्टीतली मुख्य गायिका. मेल्यावरही पुटपुटतात, "हळू रे, मी पोतं नाही."
विंगेत लेना. बाई आजारी पडल्या तर गायला ठेवलेली. त्या पडतच नाहीत. मी लेनासाठी जातो. तिला कळलंय, बहुतेक.

१५ जाने., बुध.
घसा धरलाय. नियम कडक : साधी सर्दी झाली तरी कळवायचं, गायकांजवळ फिरकायचं नाही. कळवलं असतं तर दुसरा सैनिक आला असता, आणि लेना दिसली नसती. नाही कळवलं. बाईंना उचलताना खोकला दाबला, तरी सुटलाच, थेट त्यांच्या तोंडावर. मेलेल्या राणीने एक डोळा उघडला.

१८ जाने., शनि.
बाईंचा आवाज गेला. लेना गायली. लोक उभे राहिले. तिला उचललं, आणि मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला.

१९ जाने.
लेनाला सांगितलं, सर्दी माझीच. तिने आधी दार लावलं. मग, "हे बघ... कुणाला बोलू नकोस. म्हणतील आपण मिळून केलं."
भडकलो. कचऱ्याच्या डब्याला लाथ. अंगठा सुजला.
पण तीच एकदा म्हणाली होती, "एकदा तरी पडू देत आजारी." बुधवारी ते माझ्या डोक्यात होतं का? नव्हतं. म्हणजे, नसावं.

२३ जाने.
आईचा फोन. "आवाज बसलाय तुझा. ज्येष्ठमध दिलंय ना, चघळ. अभ्यास चाललाय ना?" हो म्हटलं. दोन्हीला.

२८ जाने., मंगळ.
हार्टविगबाई तालमीला आल्या. वरचे सूर लागत नाहीत. डॉक्टर म्हणे, या वयात परत येतील याची खात्री नाही. शनिवारचा प्रयोगही लेनाला दिला. बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.
"काय चघळतोस?"
ज्येष्ठमधाची काडी दिली. तोंड वाकडं केलं, पण चघळली.
"घशासाठी?"
"हो. आता बरा आहे."
"कधीपासून धरला होता, ते विचारतेय."
पियानोपाशी लेना गाता गाता थांबली.
"उद्या सांगतो," म्हणालो.
"सांग. मी इथेच बसलेय. मला कुठे गायचंय?"