चाळीस टक्के तूस

३ फेब्रुवारी

खुर्ची मोडली. वाळूची चौथी गोणी ठेवता ठेवता मागचा पाय कट्कन गेला. मोडलेल्या जागी बारीक बारीक फोड — म्हणजे ओल. प्लास्टिकमध्ये मिसळायचं भाताचं दळलेलं तूस नीट वाळलं नव्हतं, वितळलेल्या प्लास्टिकमध्ये त्यातल्या पाण्याची वाफ झाली. नापास लिहिलं. मला कारखान्यात तोडफोडबाई म्हणतात ते उगाच नाही.

५ फेब्रुवारी

मीटिंग. मॅनेजरसाहेबांचं नवं फर्मान — तुसाला 'भरताड' म्हणायचं नाही, 'हरित घटक' म्हणायचं. मी विचारलं, पाय मोडला तर कुठला घटक मोडला म्हणून लिहू? कोणी हसलं नाही.

मग खरं काय ते बाहेर आलं. एका मोठ्या दवाखान्याला बाहेर बसायच्या खुर्च्या हव्यात, चाळीस टक्के तूस घातलेल्या. नमुना महिनाअखेर पास झाला नाही तर मिक्सिंग खातं बंद. मिक्सिंग खातं म्हणजे आमचा दादा. त्या मशीनपुढे उभा राहून त्याचे केस पिकले. आपल्याला दुसरं काही येत नाही, हे तोच सांगतो.

६ फेब्रुवारी

दादा तुसाला कोंडाच म्हणतो. जेवताना मी म्हटलं, तिसावर आण, तिसाला टिकेल. तो म्हणाला, "साहेबांना कोंडा चाळीस टक्केच पाहिजे." वहिनी वाढता वाढता म्हणाली, "मग त्यांना एक शाम्पूची बाटली नेऊन द्या." दादा बऱ्याच दिवसांनी हसला. मीही.

११ फेब्रुवारी

तूस भट्टीत कडक वाळवलं. फोड गेले. त्या मालाची पट्टी ताणायच्या मशीनवर ओढली — बिस्किटासारखी तुटली. तूस आणि प्लास्टिक एकमेकांना धरतच नाहीत. धरून ठेवणारी पावडर घातली, तरी चाळीसला काही खरं नाही.

१२ फेब्रुवारी

नापास.

१५ फेब्रुवारी

दादा माझ्याशी बोलत नाही. ताट उचलून आतल्या खोलीत जातो. वहिनी मोरीपाशी हळूच म्हणाली, "वन्सं, तुमच्या एका सहीवर यांचं पोट आहे हो." मी म्हटलं, सही माझी असली तरी निकाल मशीनचा असतो. बोलायला सोपं. नंतर राग आला — तिचा नाही. साहेबांचा असावा. झोपले.

२१ फेब्रुवारी

पास! चार गोण्या, सहा गोण्या, खुर्ची ढिम्म. मग पट्ट्या ओढल्या. त्या तुटायच्या ऐवजी लांबच होत गेल्या, इतका चिवट माल! दादा दारात उभा होता. विचारलं, काय केलंस? म्हणाला, "वाळवणं जमलं या वेळी. दुसरं काय?" जीव भांड्यात पडला. लगेच सही केली.

घरी वहिनीने माझं ताट आधी वाढलं. दादा शेजारी बसून जेवला, पण बोलला कमीच. थकला असेल.

२३ फेब्रुवारी

दवाखान्याचा माणूस आला. खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. वजनदार गृहस्थ. खूश. "आमच्याकडे म्हातारी माणसं तासन् तास बसतात, त्यांना टेकायला बरी आहे." मग म्हणाला, "व्हरांड्यात पाणी उडतं. तूस फुगणार नाही ना?" साहेब म्हणाले, "आमच्या बाई पाण्यात ठेवून बघतील." ऑर्डर मात्र तेवढ्यासाठी थांबली नाही. त्याने जागच्या जागी देऊन टाकली.

२४ फेब्रुवारी

पट्ट्या बादलीत सोडल्या. तुलनेला जुन्या, नापास झालेल्याही. जुन्या सरळ तळाला गेल्या. एवढं तूस घातलं की माल बुडतोच. पास झालेल्या वर राहिल्या. सगळ्या. नुसतं प्लास्टिक असं तरंगतं. तुसाचा कण नाही, फक्त तपकिरी रंग. हा माल दादाने एकट्याने काढला होता. ऑर्डरच्या खुर्च्यांत मात्र तूस खरंखुरं पडणार आहे.

जिन्यात साहेबांचे बूट वाजले. मी पट्ट्यांवर जाळी ठेवली आणि जाळीवर वजन. बुडाल्या.