दोराचं आतलं टोक

प्रिय उत्कर्षा,

गेल्या मंगळवारपासनं तुझा फोन बंद लागतोय, म्हनून लिहायला बसले. पत्ता तू बोलता बोलता सांगितलेला, अकलूजला स्टँडच्या मागं पिठाच्या गिरणीशेजारी. तेवढ्यावर पोस्टमन शोधंल का न्हाय, काय म्हाईत. काकूंना विचारलं म्हनून सांग. त्यांनी दिलेल्या शेंगाचटणीचं डबडं माझ्याकडंच राहिलंय आन निम्मं मी संपवलंय, ते आधीच सांगून टाकते.

शनिवारी आपल्या आग-बचावाच्या कोर्सची परीक्षा हाय. जोडी नसली तर आत सोडत न्हाईत, हे तुला म्हाईत हाय. पास झाले तर कुटंतरी कारखान्याच्या फायर ब्रिगेडला नायतर ॲम्ब्युलन्सवर लागंन. न्हाय झाले तर मेंढरांमागं परत माळशिरसला. आई तर वाटच बघतीया. आठवीतनं शाळा सुटल्यावर मला समोर बसवून कुनी काय शिकवलं ते हितंच. तरी पहिल्या आठवड्यात मी पळून जानार होते. त्या प्लास्टिकच्या पुतळ्याच्या खांद्यावर थापटून दादा ऐकू येतंय का असं मोठ्यानं ओरडायचं होतं, आन माझा आवाजच फुटंना. शिवयोगी सर म्हनले, पेशंट गेलाय म्हनून तू बी गेलीस काय गं. सगळी हसली. मग तू माझ्या मागं उभी राहून माझ्या वाटचं ओरडलीस. सरांनी तवाच आपली जोडी लावली. उत्कर्षा आत जाईल, सोनम दोर धरंल, हिला बोलायची गरज न्हाय, दोर बोलंल.

आन खरंच मला ते जमलं. एक झटका म्हंजे मी ठीक हाय, दोन म्हंजे दोर सैल सोड, तीन म्हंजे बाहेर ओढ. त्या बंद सूतगिरणीच्या गोदामात सरावाला पेटवलेल्या ओल्या पोत्यांचा धूर कोंडलेला असायचा, तू दिसायची न्हाईस, पन तू कुटल्या भिंतीला हायेस ते मला हाताला कळायचं. लहानपणापासनं करडं दाव्याला धरून वाढले मी. दोर खिळ्याला अडकला की कसा ओढतो आन जितं जनावर कसं ओढतं, त्यात लई फरक असतो. जितं जनावर ओढतं, मग वाट बघतं.

मंगळवारचं तुला म्हाईत हाय, तरी माझ्या बाजूनं सांगते. भर दुपार होती, ऊन असं की दाराची लोखंडी कडी धरवत नव्हती. तू भुशाची बाहुली शोधायला आत गेलीस. एक झटका आला, मी एक दिला. परत एक आला, मी परत दिला. लई येळ असंच चाललं. धुरानं डोळं चुरचुरले म्हनून मी मान वळवली, तर तू पान्याच्या टाकीजवळ तोंड धूत हुतीस. मागच्या दारानं आलेलीस. कमरेला दोर न्हाय. मला वाटलं दुसऱ्या कुनाचा दोर गुंतलाय. पन बाकीची सगळी लिंबाखाली डबं उघडून बसलेली, सृष्टी पृथ्वीराजच्या डब्यातली भाकरी पळवत हुती. आत कुनीच नव्हतं. आन माझ्या हाताला झटका आला. एकच.

तू तवा माझ्याकडं बघितलंस. दोर ताठ झालेला तू बघितलास, मला म्हाईत हाय. तू तोंड पुसलं न्हाईस, पिशवी घेतलीस आन गेटातनं चालत गेलीस. मी हाक मारायला गेले, पन माझा आवाज कसा हाय ते तुला म्हाईतच हाय.

तू गेल्यावर तीन झटके आले. मी ओढलं. आधी हलकं आलं. मग उंबऱ्याजवळ आल्यावर जड झालं, कोकरू पाय रोवतं तसं. आन मग एकदम सैल. दोराचं टोक बाहेर आलं तर त्याला आपली कमरेची गाठ तशीच हुती, न सुटलेली. पन फास एवढासा. माझ्या मांडीला बसला नसता. चार-पाच वर्षाच्या लेकराच्या कमरेला बसंल असा. फासाला आतनं ऊब हुती.

सर आत जाऊन आले. म्हनले, भुशाची बाहुली जिथल्या तितं हाय, दोर जुन्या मशिनीला अडकला असंल, जा जेवून घे. पन त्यांनी ती गाठ सोता सोडली, तवर कुनाला दोराला हात लावू दिला न्हाय आन दुसऱ्या दिवशी सराव पलीकडच्या शेडात नेला. सृष्टी म्हनती, सोनमनं दाव्याला भूत बांधलंय, आता पाला टाक त्याला. हसू दे. वॉचमनची बायको चंद्रव्वा मात्र हसली न्हाय. ती म्हनली, गिरणी चालू हुती तवा कामाच्या बाया लेकरं त्याच गोदामात सुताच्या पोत्यांवर निजवायच्या. मग काय झालं विचारलं, तर ती भांडी घासायला उठली.

तर उत्कर्षा, परीक्षेसाठी ये म्हनून हे पत्र न्हाय. जोडीला सरांनी मला दुसरी पोरगी दिलीया. रोज जेवायच्या सुट्टीत मी एकटी त्या दाराशी जाते, दोराला तेवढाच फास मारून आत टाकते आन टोक धरून बसते. एक झटका येतो. मी एक देते. कालपासनं परत तीन यायला लागलेत. मी ओढते, ते उंबऱ्यापर्यंत येतं आन थांबतं. मला बघतं आन थांबतं, असं वाटतंय. लई विचार केला, मग कळलं. माणूस सापडलं आन उचलवत नसलं तर आपला दोर त्याला बांधायचा, त्याच्या कानाशी सांगायचं, हितंच थांब, मी आलेच, आन भिंतीला धरून बाहेर यायचं. सरांनी तसंच शिकवलंय. तू बी तसंच केलंस. घाबरलीस तरी नेमानं केलंस, गाठ बी चुकवली न्हाईस. आन ते तू सांगितलंस तसं थांबलंय. माझ्या ओढण्यानं ते यायचं न्हाय, त्याला मी काय सांगितलेलं न्हाय. सोमवारपासनं ते गोदाम पाडायला घेनार हायेत. त्याच्या आत एकदा ये. दोर मी धरते, सुटू देनार न्हाय. तू निस्तं आत जाऊन त्याला सांग, की तू आलीस.

दाराशी बसलेली, तुझीच
सोनम