गच्चीवरची उडी

चि. धाकट्यास,

तू घरी येईनासा झालास तरी मी तुला पाठमोरा असतानाही ओळखते, एवढेच या पत्रात सिद्ध करायचे आहे. तुझ्या नव्या कराटेपटात गच्चीवरून उडी घेणाऱ्या नायकाचा चेहरा दिसत नाही. परंतु उडीआधी तो डावा खांदा किंचित उचलतो, आणि लहानपणी कुंपणावरून उडी मारताना तूही तसाच उचलायचास. म्हणून उडी मारणारा तूच, तुझ्या जागी घेतलेला दुसरा कोणी नव्हे. केवळ त्या उडीसाठी मी चित्रपट पुन्हा पाहिला.

इथवर लिहिले आणि तुझा फोन आला. मी उडीचे कौतुक केले, तर तू हसतच सुटलास.

“अगं ताई, मी कुठला! गुडघा कामातून गेल्यापासून उड्या दुसराच मारतो. मी नुसता तोंड दाखवायला!”

पत्र आता पाठवत नाही. चूक मान्य करते : परक्याच्या उडीने माझा जीव खालीवर होत राहिला, आणि तुझा गुडघा गेल्याचे मला कळलेही नाही.

– ताई