मनगटाच्या हाडाचा भरलेला कोपरा

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, संग्रहालयात जुन्या हाडांच्या प्रतिकृती करून निवृत्त झालेला, कोणीही भरीस न घालता हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मनात गोंधळ नाही, असं त्या दाखल्यात म्हटलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. मागच्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं, ते रंधा मारून घ्यावं.

२. कानस, पटाशा आणि रबराचे साचे माझ्या जागी आलेल्या बाईंना. हात चांगला आहे. भरलेला भाग ओळखू यावा म्हणून मूळ हाडापेक्षा फिका ठेवायचा, हा नियम त्यांनी माझ्यासारखा मोडू नये.

३. हे कलम माझ्या दिवंगत पत्नीबद्दल आणि तिच्या थोरल्या भावाबद्दल, म्हणजे दादांबद्दल आहे. दोघंही हाडांचे अभ्यासक. एका बेटावर फार पूर्वी कमरेएवढ्या उंचीची माणसं राहत होती. ती आली कुठून, यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर वीस वर्षं वाद चालला. पत्नी म्हणायची, मोठी माणसं आली आणि पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेली.

"आणि आटली? लोकरीच्या स्वेटरसारखी?" दादा विचारायचे.

"मग एवढीशी होती तर समुद्र ओलांडला कसा? तू कडेवर घेऊन आलास?"

दादांचं म्हणणं, ती मुळातच लहान, आपल्याहून फार जुन्या शाखेची. मनगट बघ, ते आपल्यासारखं नाही.

त्या मनगटाच्या एका हाडाचा कोपरा तुटलेला होता. प्रतिकृती करताना मी तो आजच्या माणसाच्या हाडावरून भरला आणि रंग इतका बेमालूम जुळवला की स्वतःवरच खूश झालो. नोंद केली नाही. तिने त्या प्रतिकृतीवरून माप घेतलं आणि मनगट आपल्यासारखंच असल्याचा पुरावा म्हणून लेखात छापलं.

अकरा वर्षांपूर्वी भरसभेत दादांनी विचारलं, "हा कोपरा आणलास कुठून? मूळ हाडाला तो आहे तरी का?" ती गप्प उभी राहिली. मी शेवटच्या रांगेत होतो. उत्तर मला माहीत होतं. मी उठलो नाही.

"खोटं माप रेटतेस," असं म्हणून दादा निघून गेले, ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा फाटकापाशी उभे राहून परतले.

नंतर कपाट आवरताना तिची वही सापडली. सभेच्या आठ दिवस आधीची नोंद आहे: 'कोपरा भरलेला आहे. यांनीच. दादाला कळवायला हवं, पण यांची नोकरी दोन वर्षंच उरली आहे. विचारायचं नाही.'

म्हणजे तिला ठाऊक होतं. पुढची दहा वर्षं ती रोज माझ्यासमोर बसून चहा प्यायली. माझ्यावर रागावली होती की मला सांभाळत होती, ते कळत नाही. निवृत्तीनंतरही मी का बोललो नाही, तेही कळत नाही.

४. वही आणि ते प्रतिकृतीचं हाड दादांना, असं आधी लिहिलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही ठेवायचं, त्याला साक्षीदार करू नका." मला साक्षीदार दादाच हवेत. म्हणून हे कलम खोडलं आहे. दोन्ही वस्तू मी आज सकाळी स्वतः नेऊन देतो. भरलेला कोपरा काल खरवडून काढला. उरलेलं हाड दोघांपैकी कोणाच्या बाजूचं, ते मला सांगता येत नाही. तिने खोटं माप रेटलं नाही, एवढं सांगता येतं.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
तारीख: तिच्या वर्षश्राद्धाचा आदला दिवस
सही: साचेवाला

साक्षीदार १: शेजारच्या शिंपीणकाकू (सही आमच्यादेखत करतील)
साक्षीदार २: जागा मोकळी. वही वाचून दादांना वाटलं तर.