विशाखाबाईंचा सडा

कागल
९ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
चि. निशाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं नवं यंत्रही शिट्ट्याच मारतंय म्हणजे फोनचा नाद सोडलेलाच बरा. तू आपली पत्रं लिही. हे मी कागलला शाळेत बसून, ऑफ तासाला लिहितेय. घरी लिहिलं असतं तर तात्यांनी कुणाला म्हणून विचारलं असतं, आणि मजकूर त्यांच्याबद्दलचाच आहे.

आई गेल्यापासून तात्या कसे खुर्चीला चिकटून बसायचे ते तू बघितलंयस. येत्या मे महिन्यात माझं लग्न होऊन मी प्रसेनजीतकडे गेले की रिकाम्या घरात ह्या माणसाचं कसं होणार, ह्या काळजीनं मला झोप नव्हती. आता वेगळ्याच कारणानं नाही. पाऊस कमी झाल्यापासून तात्या दर शनिवारी दुपारी पिशवी भरतात आणि यष्टीनं कोकणात जातात. येतात ते रविवारी रात्री, शीळ घालत! म्हणे जन्मभर कोल्हापूर-देवगड गाडी चालवली, पण ड्रायव्हरची नजर रस्त्यावर. डोंगर, धबधबे, समुद्र सगळं मागच्या पॅसेंजरांनी बघितलं. आता खिडकीची जागा धरून मी बघणार.

ऐकायला छान वाटतं की नाही? मलाही वाटलं होतं. पण डोंगर बघायला मिशीला कलप कशाला लागतो, आत्या? नवा आकाशी शर्ट कशाला? काय बघितलंत म्हणून विचारलं तर म्हणाले, सडा. मी म्हटलं, सडा तर शेजारच्या काकू रोज घालतात, त्यासाठी घाट उतरायचा? तर हसून म्हणाले, तसा नव्हे. मुक्काम वैभववाडीला त्यांच्या जुन्या कंडक्टरकडे, बाळासोंकडे असतो म्हणतात. मला काही पटत नाही.

बाकी ठीक. लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही धाड.

तुझी,
निशा


गडहिंग्लज
१३ सप्टेंबर २०२५

चि. निशास,
अ. उ. आ. व जय भीम.

पत्र भिंग धरून दोनदा वाचलं. बया बया बया! अगं, तुझ्या बाचं कार्ड माझ्याकडंबी आलंय. मी खुळी, मनावर घेतलं न्हवतं. आता शेजारी तुझं पत्र ठेवलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

कार्डात लिवतोय की, विशाखाबाईंनी सडा दाखवला, निळा, पांढरा, पिवळा, असा सडा जन्मात बघितला न्हवता, आणि पुढच्या रविवारी परत बोलीवलंय. आता तू मास्तरीण हायस, इचार कर. सडा कवा घालत्यात? उजाडताना. निळा-पिवळा म्हंजे वर रांगोळीबी घातलीया. उन्हं आली की सडा वाळला, संपला. मग ह्यानं सडा बघितला म्हंजे उजाडताना हा कुणाच्या दारात हुता? आणि उजाडताना दारात हुता तर रातच्याला कुठं हुता? बाळासोचं नाव उगंच पुढं करतोय. सडाफटिंग माणसाला सड्याचं एवढं याड लागलं की समजायचं, सडा घालणारी गावली.

माझ्या दारातबी रोज सडा पडतोय. गुडघं गेल्यापास्नं सून घालतीया. आजपतूर ह्या भावानं एकदा तरी म्हटलंय का, आक्का, काय सडा हाय! न्हाय. पाय पुसून घरात.

तुझी आई जाताना माझा हात धरून म्हणाली हुती, आक्का, ह्या दोघांवर ध्यान ठेवा. मी ठेवणार. पोरीच्या आधी बापच नवरदेव झाला असं तुझ्या सासरच्या, कागलच्या पावण्यांच्या कानावर गेलं तर काय तोंड दाखवायचं? तू त्याला काय बोलू नगंस. कपडे धुवायला टाकंल तवा खिसं बघ, वास घे, काय चिकटलंय ते बघ. चोराच्या मनात चांदणं असतंय, आपण अंधारातनं बघायचं.

माया हाय तशीच हाय, तू फकस्त डोळं उघडं ठेव.

तुझी आत्या,
शालन


मु. वैभववाडी
२१ सप्टेंबर २०२५

ती. आक्कास,
जयसिंगचा सविनय जय भीम. वि. वि.

बाळासोच्या ओसरीवर बसून लिवतोय. आज काय बघितलं म्हणून सांगू! काल गगनबावड्याच्या फुडं करूळ घाटात गाडी वळली आणि ढग खाली, आम्ही वर. खाली नुसता कापूस पिंजून ठेवल्यागत, आणि त्यावर ऊन. ह्या वळणावर मी हजारदा ब्रेक मारलाय, आक्का, पर दरीत एकदा बघितलं न्हाय. बघितलं असतं तर आज तुला पत्र लिवायला नसतो म्हणा. आता खिडकीत बसून लहान पोरागत काचेला नाक लावून बघतोय.

आणि आज परत सडा. आंबेखोल फाट्याला उतरलो. विशाखाबाईंचं च्याचं दुकान फाट्यालाच हाय. लई सकाळी येऊ नगा म्हणाल्या, उन्हं चांगली वर येऊ देत, मग सडा बघण्यासारखा हुतोय. दहाच्या उन्हात गेलो. त्यांनी चपला काढायला सांगितल्या, तसा अनवाणी गेलो. काय रंग, काय थंडावा पायाला! मला तर तिथनं उठूच वाटंना. दोन जीव तिथं बसलो, समोर समुद्र चकाकत हुता. जन्मभर ज्याच्या शेजारनं गेलो ते आता गावलं, असं वाटलं.

तू एकदा ये म्हणीन, पर तुझं गुडघं. औषध घेतीस न्हवं? तुझी माया माझ्यावर लहानपणापास्नं हाय, तिला आता काय नवं सांगायचं.

तुझा,
जयसिंग


कागल
२३ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. मला स्वतःची लाज वाटत होती तरी केलं. पँटच्या खालच्या काठाला तांबडी माती. शर्टाच्या खिशात एक सुकलेलं निळं फूल, नखाएवढं, रुमालात जपून गुंडाळलेलं. पिशवीत कोकम आगळाची बाटली, तिच्या झाकणाला बाईमाणसानं बांधावी तशी दोऱ्याची गाठ. आणि काल फोनवर हळू आवाजात म्हणत होते की यंदाचा शेवटचा सडा चुकवायचा नाही. मला बघितल्यावर फोन ठेवला आणि भाजी काय आहे म्हणून विचारलं.

आत्या, खरं सांगू? मला राग येतोय. आईला त्यांनी कधी एक फूल आणलं नाही. तिला समुद्र बघायचा होता, तर सुट्टी नाही म्हणायचे. आता कुणा विशाखाबाईंबरोबर समुद्र बघतात. प्रसेनजीतला अजून काही बोलले नाही. काय बोलणार, माझे वडील सडा बघायला जातात?

तूच काहीतरी कर. रागात लिहिलंय, तरी तुझ्यावरचा जीव तेवढाच.

निशा


गडहिंग्लज
२५ सप्टेंबर २०२५

चि. निशास,
अ. उ. आ.

रडू नगंस. त्याचंबी पत्र आलंय, त्यात चपला काढल्याचं सोताच लिवलंय! दहा वाजेपतूर सडा ओला ऱ्हातोय म्हणं. ती बाई काय दिसभर पाणी शिंपडत बसतीया काय ह्याच्यासाठी?

मी शनिवारी निघतीया. आंबोलीवरनं कणकवली, तिथं नंदेकडं मुक्काम, रविवारी सकाळी आंबेखोल फाटा. सून नगं म्हणाली, गुडघ्यांचं कारण काढलं. मी म्हटलं, गुडघं माझं, भाऊबी माझा. तुझ्या बाला कळू देऊ नगंस. आल्यावर सगळं लिवते.

आशीर्वाद हाईत, घाबरू नगं.

आत्या


गडहिंग्लज
३० सप्टेंबर २०२५

चि. निशास,
अ. उ. आ. व जय भीम.

बस. पाणी पी. मग वाच.

आंबोलीचा घाट उतरताना धबधब्यांचं पाणी गाडीत आलं. चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू. पर मी काय मौजेला निघाले न्हवते. फाट्याला उतरले तर समोर दुकान, बाकड्यावर तुझा बाप आकाशी शर्टात, बशीत च्या ओतून पितोय. आत एक बाई, माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्सांनी लहान, केस पिकलेलं, चष्मा. मी आधी दारात बघितलं. कोरडं ठाक! शेण न्हाय, रांगोळी न्हाय. म्हटलं, मी येणार ह्याचा सुगावा लागला, पुसून टाकलं.

मग मी काय धरून ठेवलं न्हाय. इचारलं की, बाई, माझ्या भावाला रोज सडा दाखवताय, त्याला भुलवताय, तर लगीन करणार हाय का नुसतंच सड्यावर बसवणार? मला वाटलं मी बेतानं बोलले. पर मला माझाच आवाज ऐकू येत न्हाय, ते तुला ठावं हाय. यष्टीतली माणसं खिडक्यांतनं बाहीर आली. तुझ्या बाच्या हातातली बशी खाली पडली.

बाई काय चिडली न्हाय. काय तरी बोलली, मला ऐकू आलं न्हाय. मग आतनं पोरांची पाटी आणली. बाई आधी अंगणवाडीत शिकवायची, आता एकटीच दुकान चालवती. मोठ्या मोठ्या अक्षरांत लिवलं: सडा म्हणजे कातळाचं माळरान. चला, दाखवते.

अगं, तिकडं पठाराला सडा म्हणत्यात! आपण माळ म्हणतो तो! रस्त्यापलीकडं नेलं तर काळा कातळ, आणि त्याच्यावर निळी, पांढरी, पिवळी फुलं, नजर जाईल तिथवर, एकदम समुद्राच्या कडंपतूर. कुणाचं दार न्हाय, अंगण न्हाय. तिनं खुणेनं सांगायच्या आधी मीच चपला काढल्या. फुलांवर पाय कसा ठेवणार? तुझा बाप लांब उभा राहून समुद्राकडं बघत हुता, तोंड तांबडं करून. बाई खाली बघत हुती.

येताना तिनं मला आगळाची बाटली दिली. गाठ मारूनच दिली, सगळ्यांनाच तशी देतीया. तुझ्या आईचं मन राखायला गेले आणि आब्रू घालवून आले. तू आता बापाशी नीट बोल, आणि माझ्यावर हसलीस तर बघ. तरी जीव लाव, म्हातारीला तेवढंच लागतंय.

आत्या


कळंबा, कोल्हापूर
१६ फेब्रुवारी २०२६

ती. आक्कास,
सविनय जय भीम. वि. वि.

हे पत्र लिवायला लई दिवस लागलं. रागावू नगंस, आधी सगळं वाच.

तू त्या दिवशी फाट्यावर बोललीस ते तू इसरलीस, पर आम्ही दोघं इसरलो न्हाय. त्याच्या आधी, आईशप्पत सांगतो, आमच्या मनात कायबी न्हवतं. मी च्या प्यायचो, त्या फुलांची नावं सांगायच्या. पर त्यानंतर त्या कप ठेवायच्या आणि लगेच आत जायच्या. मी सडा बघायचो, पर ध्यान दुकानाकडं. ऑक्टोबरात फुलं गेली, सडा करपून तांबूस झाला, तरी मी जातच राहिलो. निशानं एकदा इचारलं, आता काय बघता? मी आपली पिशवी भरत राहिलो.

काल पहाटेला खाली किनाऱ्यावर कासवाची पिल्लं सोडणार हुते, म्हणून गाव जमला हुता. तळव्याएवढी पिल्लं, आक्का, लाट येती, मागं ढकलती, परत चालत्यात. सूर्य वर आला तशी सगळी पाण्यात गेली. माणसं पांगली. तवा विशाखाबाई समुद्राकडं बघत म्हणाल्या की, तुमच्या बहिणीनं त्या दिवशी एक प्रश्न इचारला हुता, तो तुम्ही कवा इचारणार?

एक गोष्ट तुला सांगितली न्हवती, कारण मलाच ती उशिरा कळली. मी गाडीवर असताना वर्षानुवर्षं मागनं एका बाईचा आवाज यायचा, सड्यार थांबवा हां म्हणून. तो त्यांचाच. ड्रायव्हरनं मागं वळून बघायचं नसतं, मी कधी बघितलं न्हाय. काल मी त्यांना म्हटलं की, आता मी ड्रायव्हर न्हाय, आणि वळून तुझा प्रश्न इचारला.

निशाच्या आईचा फोटो भिंतीवर हाय तिथंच ऱ्हाणार, हे मी बोलायच्या आधी त्यांनीच सांगितलं. निशाला सांगायची मला छाती न्हाय. तू नगं म्हणालीस तर मी सडा सोडीन, खुर्ची हायच. रागात असलीस तरी दोन ओळी धाड.

तुझा,
जयसिंग


गडहिंग्लज
२३ फेब्रुवारी २०२६

चि. जयसिंगास,
अ. उ. आ. व जय भीम.

निशा लग्नाच्या साड्या दाखवायला आलती. तुझं पत्र तिच्या हातात दिलं आणि मी चुलीपाशी जाऊन बसले. लई वेळ आली न्हाय. मग आली ती रडून डोळं सुजवून. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, आईला त्यांनी समुद्र दाखवला न्हाय. मी म्हटलं, खरं हाय. म्हणाली, मला राग हाय. म्हटलं, असू दे. ती तिथंच माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, आणि मग सुनेकडनं पाटी मागून घेऊन पडल्या पडल्या त्यावर लिवून मला इचारलं की, विशाखाबाईंना कोल्हापूरचं तिखट झेपंल का?

तर आता काय ते समज. तिला अंदाज हुताच, प्रसेनजीतला आधीच सांगून ठेवलंय, डांबरट हाय. त्याची आई म्हणाली म्हणं, पोरगी निर्धास्त येईल, आणखी काय पायजे.

मी संशय घेतला म्हणून हे झालं असं गावभर सांगत फिरू नगंस. आणि खुर्चीचं नाव काढलंस तर बघ.

तिला घेऊन ये. आंबोलीवरनं या, तिला घाट दाखव, खिडकी तिला दे. येण्याआधी कळव. माझ्या दारात सून सडा घालती, पर त्या दिवशी गुडघं गेलं खड्ड्यात, मी घालणार, उजाडताना. वाळायच्या आत पोचा.

तुझी आक्का,
शालन